सह्याजीरावांची नवी भरती

२०२३च्या मार्चमध्ये ‘प्रोपब्लिका’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने एका बड्या आरोग्यविमा कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून एक बातमी दिली. कंपनीच्या पगारी डॉक्टरांनी आदल्या वर्षी दोन महिन्यांत तीन लाखांहून जास्त दावे फेटाळले होते आणि एकेका दाव्यावर त्यांचा सरासरी वेळ गेला होता १.२ सेकंद. आजार आणि तपासणी यांची जोडी कंपनीने ठरवलेल्या यादीत बसली नाही की संगणक तो दावा वेगळा काढायचा आणि डॉक्टर अशा दाव्यांच्या गठ्ठ्यावर एकदम सही करायचे. रुग्णाची फाइल उघडायची वेळच येत नव्हती. बातमी एकांगी आणि अपुरी आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं.

तो वाद बाजूला ठेवू. प्रश्न असा आहे की मग त्या डॉक्टरांना तिथे बसवलं कशाला होतं? संगणकाने थेट ‘नामंजूर’ असं छापलं असतं तरी रुग्णाच्या हातात तोच कागद पडला असता. वैद्यकीय कारणावरून दावा नाकारायचा तर तो डॉक्टरने पाहिलेला असावा, असं अमेरिकेतल्या अनेक राज्यांचे कायदे सांगतात. नियमाला डॉक्टर हवा होता, तो कंपनीने पुरवला. पाहणं तेवढं राहून गेलं.

संस्थांमध्ये एआय कुठवर वापरायचं यावर आज जिथे जिथे चर्चा होते, तिथे शेवटी सगळ्यांचं एका वाक्यावर एकमत होतं: यंत्र सुचवेल, अंतिम निर्णय माणूसच घेईल. व्यवस्थापनाला ते आवडतं, कर्मचारी संघटनांना आवडतं, कायदा करणाऱ्यांना तर फारच आवडतं. मला मात्र या सगळ्या चर्चेतलं हेच वाक्य सर्वांत फसवं वाटतं. कामाच्या ओघात, यंत्राच्या शिफारशीनंतर आणि अंमलबजावणीच्या आधी, मधल्या फटीत माणूस बसवला की तो निर्णय घेत नाही, ‘मम’ म्हणतो. माणसाची जागा तिथे नाहीच. ती दोन टोकांना आहे: यंत्राला मोजपट्टी कोणती द्यायची ते ठरवताना, आणि यंत्राच्या निकालाने ज्याचं नुकसान झालं त्याचं गाऱ्हाणं ऐकताना. मधलं काम यंत्राला खुशाल करू द्यावं.

हे म्हणणं अनेकांना उलटं वाटेल, कारण आपल्या डोक्यात वाटणीची एक जुनी कल्पना घट्ट बसली आहे. १९५१ साली मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी विमान वाहतूक नियंत्रणावरच्या एका अहवालात माणसं कशात सरस आणि यंत्रं कशात सरस याची यादी दिली होती. वेग, ताकद, एकच काम न कंटाळता हजारदा करणं हे यंत्राकडे. तारतम्य, ऐनवेळी मार्ग काढणं, आवाजातले आणि दृश्यांतले आकृतिबंध ओळखणं हे माणसाकडे. सत्तर वर्षांत यंत्राने माणसाच्या रकान्यातून एकेक कलम पळवलं, तरी यादी करण्याची सवय सुटलेली नाही. आजही ‘सर्जनशीलता माणसाची, आकडेमोड यंत्राची’ अशा पाट्या प्रत्येक सादरीकरणात दिसतात.

अशी सीमारेषा दिसत असती तर बरं झालं असतं. २०२३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी एका सल्लागार कंपनीच्या ७५८ सल्लागारांवर प्रयोग केला. एआयच्या आवाक्यातल्या कामांत ते हाताशी असलेल्यांचा दर्जा चाळीस टक्क्यांहून अधिक सुधारला. पण मुद्दाम आवाक्याबाहेरचं निवडलेलं एक काम दिलं तेव्हा एआय वापरणाऱ्यांची उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा १९ टक्केबिंदूंनी कमी निघालं. वरून पाहता दोन्ही कामं एकाच जातीची, सल्लागार रोज करतात तशी. आवाका कुठे संपला हे वापरणाऱ्याला कळलं नाही.

माणसाची बाजू घेण्यासाठी मी हे लिहितोय असा समज होऊ नये. निर्णयाच्या बाबतीत माणसाचा लौकिक फार काही चांगला नाही. १९५४ साली पॉल मील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अनुभवी तज्ज्ञांचे अंदाज आणि साध्या आकडेवारीच्या सूत्रांचे अंदाज शेजारी ठेवून पाहिले. सूत्रं तज्ज्ञांच्या तोडीस तोड किंवा वरचढ निघाली. तज्ज्ञ खवळले, पण पुढे अशा तुलनांचा ढीग साचत गेला. १३६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा तज्ज्ञ स्पष्टपणे पुढे असल्याचं फक्त ८ ठिकाणी दिसलं. कर्ज, प्रवेश, निदान, नोकरीतली कामगिरी, कशाचाही अंदाज असो. ‘मला माणसं बरोबर ओळखता येतात’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या मुलाखतकाराने ही आकडेवारी एकदा तरी वाचावी.

मग दोघांना एकत्र बसवलं तर? दोघांचे गुण जमेला येतील, ही भाबडी अपेक्षा. २०२४ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात १०६ प्रयोगांचा असाच एकत्रित अभ्यास आला. माणूस आणि एआय मिळून जे काम झालं, ते दोघांतल्या जो एकटा जास्त चांगला होता त्याच्यापेक्षा सरासरीने कमीच भरलं. मजकूर किंवा चित्र तयार करण्यात फायदा दिसला, निर्णय घेण्याच्या कामांत तोटा. जिथे माणूस मुळात यंत्रापेक्षा सरस होता तिथे जोडीने काम सुधारलं. जिथे यंत्र सरस होतं तिथे माणसाच्या हस्तक्षेपाने बिघडलं. यंत्र चुकतंय की आपण, हे ओळखण्यासाठी जी जाण लागते ती नेमकी त्या कामात कमी पडणाऱ्या माणसाकडे नसते.

ही जोडी प्रत्यक्षात कशी काम करते ते एका पडद्यावर पाहू. तपासनीसासमोर अर्जांची रांग आहे. प्रत्येक अर्जापुढे एक आकडा आणि एक रंग: हिरवा, पिवळा, लाल. खाली दोन बटणं. ‘शिफारस मान्य’ हे मोठं आणि आधीच निवडलेलं. एंटर दाबलं की पुढचा अर्ज. ‘अमान्य’ दाबलं तर एक चौकट उघडते, तिच्यात कारण लिहावं लागतं, कारणाचा सांकेतिक क्रमांक निवडावा लागतो आणि प्रकरण वरिष्ठांच्या मंजुरीसाठी थांबतं. वर कोपऱ्यात आजचं उद्दिष्ट आणि आतापर्यंत झालेली संख्या. महिनाअखेरीच्या अहवालात एक रकाना असतो: यंत्राशी असहमतीचं प्रमाण. ते वाढलं तर विचारणा होते. शून्य असलं तर कोणी काही विचारत नाही. शिवाय यंत्राचं ऐकून चूक झाली तर ती यंत्राची, न ऐकता झाली तर तपासनीसाची. या खुर्चीत कोणीही शहाणा माणूस बसवा, तो काय करेल? एंटरच दाबेल. त्यात त्याचा आळस नाही, पडद्यानेच त्याच्यासाठी निर्णय घेऊन ठेवला आहे. पडद्याची ही रचना कोणी केली, कोणत्या बैठकीत केली, याची मात्र कुठे नोंदही नसते.

युरोपीय न्यायालयाला हे उमगलेलं दिसतं. तिकडच्या माहिती संरक्षण कायद्याच्या २२व्या कलमानुसार केवळ यंत्राने घेतलेल्या, माणसावर गंभीर परिणाम करणाऱ्या निर्णयांना आडकाठी आहे. जर्मनीतली शूफा ही कंपनी लोकांच्या पतपात्रतेचा गुणांक काढून बँकांना विकते. तिचं म्हणणं होतं की आम्ही फक्त आकडा देतो, निर्णय बँक घेते. ७ डिसेंबर २०२३ला न्यायालयाने ते फेटाळलं. कर्ज द्यायचं की नाही हे बँक जर मुख्यतः त्या आकड्यावरच ठरवत असेल, तर आकडा काढणं हाच निर्णय. सही कोणाची आहे यापेक्षा निकाल कशाने ठरला हे पाहणारा असा विचार धोरणं लिहिणाऱ्यांमध्ये अजून फारसा रुजलेला नाही.

नेदरलँड्समध्ये तर मधल्या माणसाची सोय होती आणि तरीही सगळं कोसळलं. बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांना तिथल्या करखात्याची प्रणाली धोक्याचे गुण द्यायची. जास्त गुणांचे अर्ज अधिकाऱ्याकडे ‘मानवी तपासणी’साठी जायचे. पण गुण जास्त का आले, हे त्या अधिकाऱ्याला सांगितलंच जात नव्हतं. डच नागरिकत्व नसणं हा त्या गुणांमागचा एक घटक होता, हे पुढे उघड झालं. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा ठपका बसला, भत्त्यांची वसुली लागली, घरं मोडली. १५ जानेवारी २०२१ला अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ज्याला कारणच माहीत नाही असा तपासणारा माणूस कागदोपत्री देखरेख ठरतो. प्रत्यक्षात समोरच्या कुटुंबाविषयीचा संशय तो आणखी पक्का करतो, कारण आता त्याच्यावर माणसाचाही शिक्का बसलेला असतो.

मधल्या माणसाचा आणखी एक उपयोग संस्थांना असतो, आणि तो उघडपणे कोणी बोलत नाही. खापर फोडायला डोकं मिळतं. मार्च २०१८मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीच्या स्वयंचलित मोटारीखाली एक पादचारी महिला मरण पावली. मोटारीच्या प्रणालीला ती सुमारे साडेपाच सेकंद आधी दिसली होती, पण ती माणूस आहे हे ठरवता आलं नव्हतं. मोटारीतली मूळची आपत्कालीन ब्रेकची सोय कंपनीने चाचणीच्या वेळी बंद ठेवली होती. चालकाच्या जागी बसलेली देखरेख कर्मचारी फोनवर कार्यक्रम पाहत होती. तिचा दोष होताच. पण फौजदारी खटला चालला तो एकट्या तिच्यावर. कंपनीवर गुन्हा होत नाही, असं सरकारी वकिलांनी आधीच सांगून टाकलं होतं. तासन्‌तास काहीही न करता बसायचं आणि एका क्षणी जागं होऊन जीव वाचवायचा, हे काम माणसाला जमत नाही हे मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ सालीच लिहून ठेवलं आहे. तरी आपण त्याच खुर्च्या नव्याने भरतोय.

आता टोकांकडे येऊ. पहिलं टोक मोजपट्टीचं. खरी सत्ता तिथे आहे.

समजा दहा हजार दावे आले आणि त्यांतले शंभर खोटे आहेत. प्रणाली खोट्यांपैकी नव्वद पकडते, आणि खऱ्या दाव्यांपैकी फक्त पाच टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. ऐकायला उत्तम. पण खरे दावे ९,९०० आहेत आणि त्यांचे पाच टक्के म्हणजे ४९५. संशयितांच्या यादीत एकूण ५८५ नावं, त्यांतले गुन्हेगार नव्वद. शंभरातले जवळजवळ पंच्याऐंशी प्रामाणिक. कट-ऑफ, म्हणजे किती गुणांपुढे संशय धरायचा ती रेघ, जरा वर सरकवला, तर समजा खोटे साठच सापडतील, पण निरपराध ९९वर येतील. यातलं काय पत्करायचं? चाळीस लबाड सुटलेले चालतील की जवळपास पाचशे प्रामाणिक माणसांच्या दारात नोटीस गेलेली चालेल? याचं उत्तर कुठल्याही विदेत (डेटात) सापडणार नाही. ते कोणीतरी ठरवायचं असतं. आणि ते एकदा ठरलं की पुढचे दहा हजार निकाल तिथेच लागून गेलेले असतात.

आज हे कोण ठरवतं? बहुधा प्रणाली विकणाऱ्या कंपनीचा एखादा तंत्रज्ञ, ‘डिफॉल्ट’ म्हणून. किंवा उलट्या हिशेबाने: आपल्याकडे तपासनीस चारच आहेत, रोज दीडशेच प्रकरणं झेपतात, तेव्हा तेवढीच वर येतील असा आकडा टाका. संचालक मंडळाच्या टिपणात प्रणालीची किंमत असते, बचत असते, कट-ऑफ नसतो.

ऑस्ट्रेलियातली ‘रोबोडेट’ योजना या टोकाच्या दुर्लक्षाचं ढळढळीत उदाहरण. सरकारी मदत घेणाऱ्यांनी पंधरवड्याच्या मिळकतीची माहिती द्यायची असे. खात्याने करखात्याकडून वर्षाची मिळकत घेतली, तिला २६ने भागलं आणि येणारा आकडा प्रत्येक पंधरवड्याची मिळकत मानला. सहा महिने काम मिळालं आणि सहा महिने बेकारी, अशा माणसाचं गणित यात चुकणारच. पूर्वी अशी तफावत दिसली की कर्मचारी चौकशी करायचे. आता थेट थकबाकीचं पत्र निघू लागलं आणि ती खोटी असल्याचं सिद्ध करण्याचा भार नागरिकावर पडला. चार लाखांहून अधिक लोक यात सापडले. २०२३च्या जुलैत चौकशी आयोगाने या योजनेवर कठोर ताशेरे ओढले. यात एआय नावाला नव्हतं, होता तो चौथीच्या वर्गातला भागाकार. तो करायचा हा निर्णय माणसांचाच होता, आणि तो बेकायदेशीर ठरू शकतो असा सल्ला आधीच मिळालेला होता. एकेक पत्र तपासायला एकेक कारकून बसवून हे सुधारलं नसतं. २६ने भागायचं की नाही, हे ठरवणाऱ्या टेबलावर कोणाला तरी ‘नाही’ म्हणता यायला हवं होतं.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की मोजपट्टी हा ठराव असावा. प्रणाली काय मोजणार, कुठे रेघ मारणार, कोणत्या चुकीला किती किंमत देणार, हे साध्या भाषेत लिहावं आणि त्याखाली एका पदाधिकाऱ्याची नावानिशी सही असावी. रेघ बदलली की नवा ठराव. त्या टेबलावर कायद्याचा माणूस असावा, प्रत्यक्ष काउंटरवर लोकांना तोंड देणारा कर्मचारी तर असावाच असावा. सहा महिन्यांच्या बेकारीचा माणूस त्यानेच पाहिलेला असतो.

दुसरं टोक गाऱ्हाण्याचं. इथे ‘हो’ आणि ‘नाही’ यांत भेद करावा लागतो. अर्ज मंजूर करण्याचा अधिकार यंत्राला सहसा निर्धास्त द्यावा; नाकारलेल्याला मात्र कारण मागण्याचा आणि माणसासमोर उभं राहण्याचा हक्क असावा. (‘हो’सुद्धा सर्रास देता येत नाही, हेही खरं. अमेरिकेतली झिलो ही कंपनी सूत्राने किमती काढून घरं विकत घेत सुटली होती. २०२१च्या एका तिमाहीत तिला तीसेक कोटी डॉलरची किंमत कागदावरून पुसावी लागली आणि तो धंदाच बंद झाला. पण तो तोटा कंपनीचा होता. घेतलेल्या धोक्याची किंमत धोका घेणाराच मोजत असेल तर मला त्याची फार चिंता नाही.)

कारण मागण्याचा हक्क म्हणजे फार काही अवघड मागणं नव्हे. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने २०२२ साली सावकारांना स्पष्ट बजावलं: कर्ज नाकारल्याचं नेमकं कारण अर्जदाराला द्यावंच लागेल, प्रणाली इतकी गुंतागुंतीची आहे की आम्हालाच कारण सांगता येत नाही, ही सबब चालणार नाही. कॅनडातल्या एका लवादासमोर तर याहून गमतीचा युक्तिवाद झाला. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. कंपनीच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता की चॅटबॉट ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, तिच्या कृत्यांना तीच जबाबदार. २०२४च्या फेब्रुवारीत लवादाने ते उडवून लावलं आणि भरपाई द्यायला लावली. हसू येतं खरं, पण काखा वर करण्याची ही ऊर्मी बहुतेक संस्थांमध्ये असते. या कंपनीने ती लवादासमोर बोलून दाखवली इतकंच.

गाऱ्हाणं ऐकणाऱ्याच्या खुर्चीला तीन गोष्टी लागतात: वेळ, माहिती आणि निकाल फिरवण्याचा अधिकार. यांपैकी एक जरी नसेल तरी ती खुर्ची म्हणजे पुन्हा तोच पडदा. आणि त्याने फिरवलेले निकाल मोजपट्टीच्या टेबलापर्यंत पोचले पाहिजेत. एकाच कारणाने वीस निकाल फिरले असतील तर दोष वीस माणसांत नाही, रेघेत आहे.

काही निर्णय असे असतात की त्यांना दुरुस्तीची सोयच नसते. कामावरून काढणं, मूल पालकांपासून वेगळं करणं, शस्त्रक्रिया. तिथे गाऱ्हाण्याची वाट पाहता येत नाही, आणि तिथे माणूस मध्ये हवा हे मलाही मान्य आहे. पण क्रम उलटा करावा. आधी माणसाने प्रकरण पाहून आपलं मत लिहावं, मग यंत्राचं मत उघडावं. दोन्ही जुळली तर पुढे जावं. न जुळल्यास तिसऱ्याने पाहावं. यंत्राचा आकडा आधी दिसला की त्याच्यापासून दूर जाणं फार कमी जणांना जमतं. ही पद्धत वेळखाऊ आहे, म्हणून ती थोड्याच निर्णयांना परवडेल. म्हणूनच तर बाकीच्यांतून माणसं मोकळी करायची.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे, तो म्हणजे हात चालू राहतो. २०२५ साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात पोलंडमधल्या चार केंद्रांचा अभ्यास आला. आतड्याच्या दुर्बीण तपासणीत एआयची मदत सुरू झाल्यावर, मदतीविना केलेल्या तपासण्यांत डॉक्टरांना गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं. एका अभ्यासावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण जे काम आपण करत नाही त्यात चूक शोधण्याची क्षमता किती दिवस टिकेल, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे आहे. गाऱ्हाणं ऐकणारा माणूस शेवटी कुठून येणार? ज्याने ते काम कधीतरी स्वतः केलं आहे, त्यांच्यातूनच. म्हणून दर महिन्याला काही प्रकरणं यंत्राला न दाखवता माणसांनीच पूर्ण करावीत, हा खर्च प्रशिक्षणाच्या खात्यावर टाकावा आणि त्याबद्दल कुरकुर करू नये.

कुरकुर होईलच. इतकं सगळं करायचं तर एआय घेऊन वाचलं काय, असं विचारलं जाईल. वाचतील त्या एंटर दाबणाऱ्या खुर्च्या. त्यांच्यावर होणारा खर्च आज देखरेखीच्या नावावर पडतो आणि देखरेख होत नाही. तीच माणसं थोड्या संख्येने, जास्त अधिकार आणि जास्त वेळ देऊन टोकांना बसवली तर हिशेब फारसा बिघडणार नाही. बिघडेल ती एक वेगळीच गोष्ट: वरच्या टेबलावरच्यांना आतापर्यंत जे लिहून द्यावं लागत नव्हतं, ते द्यावं लागेल. विरोध तिथून होईल, आणि तो खर्चाच्या भाषेत होईल.

एखादी संस्था कुठे उभी आहे हे पाहायला मोठं लेखापरीक्षण लागत नाही. गेल्या तिमाहीत यंत्राच्या किती शिफारशी माणसांनी नाकारल्या आणि नाकारणाऱ्यांचं पुढे काय झालं, एवढं विचारावं. पहिल्याचं उत्तर ‘जवळपास शून्य’ असेल आणि दुसरं कोणालाच ठाऊक नसेल, तर तिथे कट-ऑफ कोणी ठरवला हा तिसरा प्रश्नही विचारून ठेवावा, आणि उत्तर लेखी मागावं.